आईसोबत मालिका बघताना वही घेऊन बसा

फेब्रुवारीत घरात एक लग्न झालं आणि एप्रिलमध्ये अल्बम आला. आई ७६ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून रिटायर झालेली, ती चष्मा लावून एकेक पान पाहत होती आणि एका पानावर थांबली, म्हणाली "हे कोण होय वं?" फोटो तिचाच होता. स्टुडिओवाल्याने चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या, गालावरचा तीळ पण गेला होता, मान मात्र तशीच राहिली होती, त्यामुळे मान ७६ ची आणि चेहरा कोणाचा तरी. बाजूलाच माझे मोठे काका, वय ८१, त्यांच्या चेहऱ्याला हातसुद्धा लावला नव्हता, त्यांच्या सुरकुत्या जशाच्या तशा आणि खूप छान दिसत होत्या. मी फोन केला तर तिकडून उत्तर आलं की लेडीजचे सगळे फोटो आम्ही क्लीन करतो, आजवर कोणी तक्रार नाही केली.

हे उत्तर डोक्यातून जाईना. चिडले होते हे खरं, पण नंतर लक्षात आलं की त्या पोराने वाईट मनाने काही केलं नव्हतं, त्याने लहानपणापासून जे पाहिलं तेच केलं, सिनेमात मालिकेत जाहिरातीत पेपरात म्हातारी बाई जशी दिसते किंवा दिसतच नाही, तसंच त्याने आईला करून टाकलं. मग आम्ही दोघींनी ठरवलं की आपण हे नीट बघायला शिकू. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा केलं. त्यातून जी पद्धत बनली ती लिहून देतेय, तुमच्या घरी करून बघा, आईसोबत, सासूसोबत, आजीसोबत, शेजारच्या काकूंसोबत, पण एकट्याने करू नका कारण यातल्या अर्ध्या गोष्टी मला दिसल्याच नसत्या, त्या आईला दिसल्या.

लागतं काय तर एक शंभर पानी वही, पेन, डिंकाची बाटली, मोबाईल, आणि साठीच्या पुढची एक बाई जिला तुमच्यासोबत बसायला आवडतं. रोज अर्धा तास पुरतो.

पहिले आठ दिवस नुसते शब्द गोळा करा

टीव्ही नंतर. आधी घरात, बर्डीवर (आमच्या नागपूरचा सीताबर्डी बाजार), भाजीवाल्याकडे, बँकेत, ऑटोत, म्हाताऱ्या बाईला कोण काय म्हणतं ते लिहायचं. आमच्या वहीत पहिल्याच आठवड्यात आले ते असे: बुढी, डोकरी, म्हातारी, आजी, आजीबाई, माय, माताजी, मावशी, काकू, सिनियर सिटीझन, वृद्धा. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा, कोण बोललं, कोणाला, आणि ती बाई समोर होती की नव्हती. हे तिसरं विसरू नका. आपल्या इकडे बुढी हा शब्द नवरा बायकोसाठी मायेने वापरतो, "आमची बुढी वाट पाहत असन" म्हणतो तेव्हा ऐकायला किती गोड वाटतं, आणि तोच शब्द सिग्नलवर हळूहळू रस्ता ओलांडणाऱ्या बाईला गाडीवरून ओरडून फेकला जातो. म्हणून नुसता शब्द लिहून भागत नाही, तो कुठून आला ते लिहावं लागतं.

मग शेजारच्या पानावर त्याच वयाच्या पुरुषांचे शब्द लिहा. काका, अण्णा, भाऊ, साहेब, सर, गुरुजी. इथे आईने जे पकडलं ते मला कधी सुचलं नसतं. तिच्यासोबत त्याच शाळेत शिकवणारे गुरुजी आजही अख्ख्या गावाचे गुरुजी आहेत, पानठेल्यावर गेले तरी गुरुजी, आणि आई नोकरीत होती तोवर बाई होती, मग आजी झाली. म्हणजे त्यांचं काम त्यांच्या नावाला चिकटून राहिलं आणि तिचं काम गालावरच्या तिळासारखं निघून गेलं.

म्हणी पण लिहा. साठी बुद्धी नाठी ही दोघांनाही लागते, ठीक आहे. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण आपण राजकारणावर बोलताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही सहज वापरतो आणि त्यात एका बाईच्या मरणाचं दुःख नाही असं आपण चक्क तोंडाने म्हणतो, हे आईने दाखवेपर्यंत मला कधी ऐकूच आलं नव्हतं. पन्नाशी आली माझी, शेकडो वेळा बोलली असेन.

सगळंच असं नाही, हे पण वहीत आलं पाहिजे. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक जाणारी म्हातारी आठवा. ती एकटी जंगलातून लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, ती त्याला सांगते की आधी लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, आणि परत येताना भोपळ्यात बसून त्याला चकवून घरी पोचते. या बाईला प्रवास करायचा आहे, चांगलंचुंगलं खायचं आहे, जगायचं आहे आणि डोकं तिचं स्वतःचं आहे. माझ्या मते आपल्या भाषेतली सगळ्यात चांगली रंगवलेली म्हातारी हीच, आणि ती आपण पाच वर्षांच्या लेकराला सांगतो आणि मग विसरून जातो.

पेपर रोज एकच घ्या आणि फक्त शहराचं पान वाचा. गळ्यातली साखळी हिसकावल्याची बातमी आली की कापून चिकटवा. मथळ्यात "वृद्धेची सोनसाखळी पळवली" आणि आत वय ५८, असं आम्हाला सापडलं. कायद्याने ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० आणि त्यापुढे, २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तसं लिहिलेलंच आहे, मग ५८ ची बाई वृद्धा कशी? त्याच पानावर तेवढ्याच वयाच्या माणसाला ऑनलाइन गंडवलं असेल तर तो बहुतेक वेळा सेवानिवृत्त अधिकारी असतो किंवा व्यावसायिक असतो. वयाला पेनाने गोल करा, आणि ती बाई काय काम करायची ते बातमीत आहे का शोधा. आम्हाला बहुतेक ठिकाणी एवढंच मिळालं की ती देवळात चालली होती किंवा नातवाला आणायला चालली होती.

मालिकेसाठी चार रकाने

आता टीव्ही लावा. कोणतीही एक मालिका, एक आठवडा, मधेच बदलायची नाही. वहीत चार रकाने पाडा: ती कुठे आहे, हातात काय आहे, कशाबद्दल बोलून राहिली, आणि तिला स्वतःला काय हवं आहे.

पहिले दोन भराभर भरतात. देवघर, स्वयंपाकघर, हॉलमधला सोफा, दाराआड ऐकत उभी, दवाखान्याचा पलंग. हातात पूजेचं ताट, जपमाळ, भाजीची परडी, दुधाचा ग्लास. आई बघताना सारखी विचारत होती, हिचा चष्मा कुठाय, हिचा मोबाईल कुठाय, ही बीपीची गोळी कधी घेते, जिना चढताना कठड्याला धरत कशी नाही, हिची एक पण मैत्रीण कशी नाही. मैत्रीण हा मुद्दा फार मोठा निघाला. आईचा रोजचा संध्याकाळचा अर्धा दिवसच मैत्रिणींचा असतो, पाच जणी बागेत जातात, दोन फेऱ्या मारतात आणि मग बाकावर बसून जगभराचं बोलतात, आणि आम्ही पाहिलेल्या आठवड्यात मालिकेतली सासू घराबाहेरच्या एकाही बाईशी बोलली नाही.

तिसऱ्या रकान्यात तेच ते, मुलाचं लग्न, सुनेचं वागणं, घराण्याची अब्रू, प्रॉपर्टी. चौथा रकाना मात्र भरतच नाही, आणि इथे घाई करू नका, कारण आपण चुकून भरून टाकतो. "मुलाचं सुख हवं" हे चौथ्या रकान्यात लिहायचं नाही, ते मुलाचं झालं. "घर एकत्र राहायला हवं" हे पण नाही. तिला स्वतःसाठी काय हवं, एक पुस्तक, एक रात्र शांत झोप, माहेरच्या गावची यात्रा, पैसे, नवरा नको असणं किंवा हवा असणं, गाणं शिकणं, नाटकाला जाणं, एकटीने चहा पिणं, काहीही चालेल पण तिचं पाहिजे. चार दिवस आमचा रकाना कोरा. पाचव्या दिवशी खलनायिका असलेल्या सासूच्या समोर आईने लिहिलं: घरात तिचं ऐकलं जावं हे तिला हवं आहे.

त्या दिवशी टीव्ही बंद करून आम्ही बराच वेळ बोलत बसलो. कारण मग सगळा साचा दिसायला लागला. जिला काही हवं आहे ती म्हातारी वाईट दाखवायची आणि जिला काहीच नको ती चांगली. खाष्ट सासू आणि देवघरातली प्रेमळ आजी या दोन वेगळ्या बायका वाटतात पण दोघींना मोजायचं माप एकच आहे, हवं असणं. आणि जी पूर्णच चांगली असते तिच्या फोटोला तर पहिल्या भागापासूनच हार असतो.

अपवाद झाले तर ते पण लिहा, आणि लोक काय बोलले ते लिहा. २०१९ मध्ये झी मराठीवर अग्गंबाई सासूबाई आली होती, निवेदिता सराफ आसावरीच्या भूमिकेत, विधवा सासू आणि तिचं दुसरं लग्न. आईच्या बागेतल्या ग्रुपमध्ये तेव्हा किती चर्चा, दोघी म्हणत होत्या की या वयात शोभतं काय, आणि एक जण, जी १९ वर्षं एकटी राहून राहिली, ती काहीच बोलत नव्हती आणि एक भाग चुकवत नव्हती. मालिका चांगली की वाईट यावर मत वेगळं असू शकतं पण त्या मालिकेने तिचा चौथा रकाना भरला होता हे आईला आज वही उघडल्यावर कळतं.

आजकाल अजून एक प्रकार आला आहे, गॉगल लावून बुलेटवर बसणारी कूल आजी. बघायला बरं वाटतं, पण चार रकाने तिलाही लावा. बऱ्याचदा ती फक्त नातवाला खूश करायला असते, आणि म्हातारी बाई चांगली तेव्हाच जेव्हा ती तरुण पोरीसारखी वागते, हा पण एक प्रकारे चेहरा क्लीन करणंच झालं.

सिनेमा बघताना जन्मसालं शोधा

हे काम सोपं आहे, मोबाईलवर पाच मिनिटांत होतं, आणि घरातल्या पोरापोरींना यात सामील करून घ्या, त्यांना हे फार आवडतं. कोणत्याही जुन्या सिनेमात आई आणि मुलगा यांची जन्मसालं शेजारी शेजारी लिहायची, बस.

१९५७ चा मदर इंडिया घ्या. नर्गिस जून १९२९ ची आणि तिच्या मुलाचं काम करणारे सुनील दत्त पण जून १९२९ चेच, आणि पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. १९७५ च्या दीवारमधल्या आई निरुपा रॉय १९३१ च्या, अमिताभ १९४२ चे, म्हणजे ११ वर्षांचा फरक. आणि राखी, जन्म १९४७, अमिताभपेक्षा पाच वर्षांनी लहान, १९७६ च्या कभी कभी मध्ये त्यांची प्रेयसी आणि १९८२ च्या शक्तीमध्ये त्यांची आई. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, ती हे ऐकून गप्पच झाली आणि मग तिने स्वतः तीन सिनेमे शोधून काढले.

नट्या वाईट होत्या म्हणून नाही झालं हे, त्यांनी तर कमाल कामं केली. सिनेमा हिरोभोवती लिहिला जातो, हिरो ३०-४० वर्षं हिरो राहतो, नायिका मात्र दर काही वर्षांनी नवी येते, आणि जुनीला उरतं काय तर वहिनी, मग आई. वय तिचं मोजलं जात नाही, त्याच्यावरून तिचं वय ठरतं. ललिता पवार १९१६ च्या, १९४२ मध्ये शूटिंगच्या वेळी अपघात होऊन डोळा अधू झाला आणि नायिकेची कामं गेली, मग त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि त्यांचा तोच डोळा अख्ख्या देशाच्या डोक्यात खाष्ट सासूचा डोळा होऊन बसला. एका बाईच्या दुखापतीतून दुष्टपणाची खूण तयार झाली, मला हे दरवेळी फार टोचतं.

त्याच्या उलट २०१९ चा सांड की आंख. उत्तर प्रदेशातल्या दोन खऱ्या आज्या, चंद्रो आणि प्रकाशी तोमर, साठीच्या पुढे नेमबाजी शिकलेल्या, आणि त्यांची कामं तिशीच्या आसपासच्या दोन नट्यांनी केस पांढरे करून केली. तेव्हा बराच वाद झाला, की म्हाताऱ्या बाईची गोष्ट सांगायला पण म्हातारी बाई का नाही. वहीत याचं पान वेगळं ठेवा आणि त्याच पानावर जोहरा सेहगल यांचं नाव लिहा, जन्म १९१२, २००७ मध्ये ९५ व्या वर्षी चीनी कममध्ये त्या अमिताभच्या आई होत्या, आणि त्या आईला कुस्ती बघायला आवडायची. चौथा रकाना भरला.

हे फक्त आपल्याकडचं नाही. वयावरून माणसाला कमी लेखण्याला अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये नाव दिलं, मराठीत वयभेद म्हणता येईल, आणि सुझन सोंटॅग यांनी १९७२ मध्ये लेख लिहून मांडलं की वाढत्या वयाची मापं दोन आहेत, पुरुषाला एक आणि बाईला दुसरं. आई म्हणाली, हे तर आमच्या पांढऱ्या केसांचं झालं. बाबांचे केस पांढरे झाले तेव्हा लोक म्हणाले भारदस्त दिसता, तिचे झाले तेव्हा म्हणाले तब्येत बरी नाही का, रंग लावत जा.

जाहिरातीला एकच प्रश्न

इथे फार वेळ घालवू नका. वस्तू तिच्यासाठी आहे की तिच्या हातून दुसऱ्यासाठी आहे? तिच्यासाठी असेल, म्हणजे गुडघ्याचं तेल, कवळी, डायपर, तर ती कण्हताना दिसते. दुसऱ्यासाठी असेल, म्हणजे मसाला, लोणचं, आटा, तर तीच बाई एकदम ठणठणीत असते आणि तिचा हात म्हणजे चवीची गॅरंटी असते. म्युच्युअल फंडाच्या, विम्याच्या जाहिरातीत हिशेब पुरुष करतो आणि ती बाजूला बसून हसते. माझ्या आईची पेन्शन आहे, आमच्या घराचा वरचा मजला त्या पैशातून झाला, एफडी कुठे किती टक्क्यांना आहे ते तिला तोंडपाठ आहे. तिच्यासारख्या किती असतील, शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या. २०११ च्या जनगणनेत ६० च्या पुढच्या बायका देशात जवळपास ५.३ कोटी होत्या, त्या वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त, आणि आता तर अजून वाढल्या असतील. एवढ्या बायकांना पैसे मोजता येतात हे दाखवणारी एक जाहिरात शोधा, सापडली तर चिकटवा.

मारबतीच्या दिवशी इतवारीत जा

हे नागपुरातल्या लोकांसाठी, बाहेरच्यांनी आपापल्या गावातलं काही शोधावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईचे दोन मोठे पुतळे मिरवणुकीने नेतात आणि शेवटी जाळतात, १८८० च्या दशकापासून हे चालत आलेलं आहे. मी लहानपणापासून जाते, आई तिच्या लहानपणापासून, आणि मला ते अतिशय आवडतं हे आधी सांगते. घेऊन जा गे मारबत, असं म्हणत रोगराई, ईडापीडा सगळी तिच्यासोबत गावाबाहेर पाठवायची, यात काहीतरी खूप खरं आहे. पिवळी मारबतीच्या दर्शनाला तर लोक लेकरं घेऊन येतात, तिला माय मानतात.

पण या वर्षी वही घेऊन गेलो. काळी मारबत काहीजण पूतनेशी जोडतात, आणि बरेचजण सांगतात की ती बाकाबाईचा निषेध म्हणून सुरू झाली. बाकाबाई म्हणजे नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांची राणी. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या राजाला, अप्पासाहेबांना, गादीवरून काढलं आणि त्यांच्या जागी आलेले तिसरे रघूजी लहान होते तेव्हा तिने राज्याचा कारभार बघितला. १८५३ मध्ये ते वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, आणि १८५७ च्या उठावात ही म्हातारी राणी इंग्रजांच्या बाजूने राहिली, आपल्या वजनाने मराठा सरदारांना तिने शांत ठेवलं. तिचा निर्णय मला पटत नाही. लोकांचा राग मला समजतो. पण त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने उभे राहिलेले देशभरातले किती राजे, किती सरदार, त्यांचे पुतळे दरवर्षी जाळले जातात का, की त्यांच्या नावाचे चौक आहेत, हे स्वतःला विचारा.

अजून एक गोष्ट आईने गर्दीतच माझा हात ओढून दाखवली. मारबतीसोबत बडगे निघतात, ते पुरुषांचे पुतळे, आणि ते दरवर्षी बदलतात, त्या वर्षी ज्या नेत्यावर, ज्या भ्रष्टाचारावर, ज्या महागाईवर लोक चिडलेले असतील त्याचा बडगा. म्हणजे पुरुष वाईट असतो तो त्या वर्षापुरता, पुढच्या वर्षी दुसरा. बाई मात्र तीच, सव्वाशे-दीडशे वर्षं. मी इतकी वर्षं दोन्ही एकाच वेळी बघत होते आणि हा फरक मला दिसला नव्हता. तुम्ही जाल तेव्हा सोबतच्या म्हाताऱ्या बाईला विचारा की तिच्या लहानपणी तिला मारबत बघून काय वाटायचं, भीती वाटायची की अजून काही, आणि ती जे सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा.

व्हायरल आजी

मोबाईलवर येणारे आजींचे व्हिडिओ पण बघा, पण शेअर करायच्या आधी दोनदा बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यात रस्त्यावर लाठ्या फिरवणाऱ्या आजींचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, ८५ वर्षांच्या, आणि हात असे चालत होते की नजर ठरत नव्हती. सगळे म्हणाले या वयात काय ताकद. ताकद होतीच. पण त्या रस्त्यावर पोटासाठी उतरल्या होत्या, ते त्यांचं लहानपणापासूनचं डोंबाऱ्याचं काम होतं, ही गोष्ट कौतुकात मागे पडली. म्हणून वहीत लिहायचं, या व्हिडिओत आजी हे का करून राहिली, हौस म्हणून की गरज म्हणून, आणि बघणाऱ्याने तिला काय दिलं.

आता तुमचं चित्र काढा

वही भरली की तिथे थांबू नका, नाहीतर नुसता राग राहतो. आईची, आजीची मुलाखत रेकॉर्ड करा. यासाठी माझ्यासमोर एक मोठं उदाहरण आहे. जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब हजर, आणि त्या बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हणाल्या, त्या काळात. पुढे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघरी जाऊन गाठलं, बोलतं केलं, आणि १९८९ मध्ये आम्हीही इतिहास घडवला हे पुस्तक आलं. तोवर त्यातल्या कितीतरी जणी म्हाताऱ्या झाल्या होत्या. दरवर्षी दीक्षाभूमीवरचा एक फोटो पेपरात येतो, पांढऱ्या लुगड्यातली आजी हात जोडून उभी, खाली नाव नसतं. त्या दोघींनी नाव विचारलं, आणि काय केलं ते विचारलं. आपण घरच्या घरी एवढं तर करू शकतो.

तयारी अशी करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यातला ब्युटी मोड बंद करा, बऱ्याच फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन बघा. सकाळी खिडकीजवळ बसवा, उजेड चेहऱ्यावर समोरून आला पाहिजे. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, वरून धरला की माणूस लहान आणि बिचारा दिसतो, आम्ही दोन्ही करून पाहिलं, फरक फार आहे. उन्हाळ्यात कूलर बंद करावाच लागतो नाहीतर काही ऐकू येत नाही, म्हणून सात-साडेसातला उरका. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. वीस मिनिटांच्या वर जाऊ नका, उद्या परत बसा. नुसत्या सुरकुतलेल्या हातांचा क्लोजअप घेऊ नका, हात घ्यायचे तर काम करताना घ्या आणि चेहऱ्यासकट घ्या. ती मधे थांबली तर ती शांतता कापू नका.

प्रश्नांचं सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले. मी सुरुवात केली "तुमच्या काळी कसं होतं" अशी, आणि आईने ठरलेली उत्तरं दिली, विहीर, चूल, बैलगाडी, ती तिलाच कंटाळवाणी वाटत होती. मग ती म्हणाली "माहा काळ संपला काय वं?" तेव्हापासून प्रश्न बदलले. आत्ता काय वाचून राहिली? कोणाचा राग आहे? शेवटचं भांडण कशावरून झालं? शरीरात काय बदललं ते पहिल्यांदा कधी कळलं, पाळी गेली तेव्हा कोणाशी बोलली? पुढच्या वर्षी काय करायचं आहे? पैसे असते आणि कोणी विचारलं नसतं तर काय केलं असतं? या प्रश्नांवर तिचा आवाजच वेगळा झाला. ती ४२ व्या वर्षी सायकल शिकली हे मला माहीत होतं, पण पहाटे पाच वाजता शाळेच्या मैदानावर शिकली कारण नवऱ्याने आणि गावाने बघू नये, हे मला या वर्षी कळलं.

रेकॉर्डिंग तिला आधी दाखवा. इंटरनेटवर टाकायचं का हे एकदा विचारा आणि दोन दिवसांनी परत विचारा, कारण पहिल्यांदा त्या आपलं मन राखायला हो म्हणतात. नाही म्हणाली तर नाही. फाईलला तिचं पूर्ण नाव आणि तारीख द्या, "आजी व्हिडिओ २" असं नको, आणि दोन ठिकाणी ठेवा.

शेवटचं काम जरा जड आहे पण करा. पेपरातलं निधनाचं पान उघडा आणि बायकांच्या ओळी वाचा, वृद्धापकाळाने निधन, पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार, मनमिळाऊ आणि धार्मिक स्वभावाच्या होत्या. सगळ्यांच्या ओळी एकसारख्या, नाव बदललं तरी चालतं. मग तुमच्या आईला विचारा की तिच्याबद्दल पाच ओळी लिहायच्या तर काय लिहायचं, मरणासाठी नाही, कुठेही वापरता येतील, वाढदिवसाच्या कार्डावर, शाळेच्या स्मरणिकेत. मला वाटलं होतं आईला वाईट वाटेल. तिने वही ओढून घेतली. मी आधीच लिहून ठेवलं होतं: मायाळू, कष्टाळू, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या. तिने मायाळू खोडलं, सांभाळून घेणाऱ्या पण खोडलं, आणि लाल पेनाने, जसं वह्या तपासायची तसं, बाजूला लिहिलं: गणित चांगलं शिकवत असे. सायकल चालवत असे. मग थोडं थांबली आणि "असे" खोडून "गणित चांगलं शिकवते" केलं, कारण शेजारची दोन पोरं अजून तिच्याकडे संध्याकाळी येतात.